ईईजीची धास्ती आणि मैत्रिणीची साक्ष

प्रिय ताई,

माझं वय ४४. गेल्या तीन-चार महिन्यांत मला मधूनच काहीतरी होतं. पोटातून एकदम काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, समोर चाललेलं सगळं आधी एकदा घडून गेलंय असं वाटतं, आणि मग मधला मिनिटभर वेळ कुठे गेला तेच आठवत नाही. ऑफिसातली शेजारची मैत्रीण सांगत होती, "तू एकटक बघत होतीस, काहीतरी चघळल्यासारखे ओठ हलत होते, उजव्या हाताने पेनाचं टोपण उघड-बंद करत होतीस, हाक मारली तरी ओ नाही." एमआरआय नॉर्मल आला. तरी न्यूरोलॉजिस्टनी ईईजी सांगितलाय, तोही आदल्या रात्री कमी झोपून. नवरा म्हणतो, एमआरआयमध्ये काही नाही तर आता हे कशाला? मोठ्या जाऊबाई म्हणतात, डोक्याला वायरी लावून करंट सोडतात. उपाशी जायचं असतं का? बीपीची गोळी चालू आहे, झोपेची कधीमधी घेते, त्या बंद करायच्या का? आणि हसू नका, पण मनातलं काही त्या यंत्रात उमटतं का? रिपोर्ट खराब आला तर "हिला फिट येतात" असा शिक्का बसेल, याचीच जास्त भीती वाटते.

झोप उडालेली एक वाचक

ता.क. मी केस रंगवते. चालतं का?

*

झोप उडालेल्या मैत्रिणीस,

हसू नका म्हणालात, पण सही वाचून हसले. डॉक्टरांनी कमी झोपून यायला सांगितलंय आणि तुम्ही तयारी आतापासूनच सुरू केलीय. ती एका रात्रीपुरतीच करायची असते. बाकीच्या रात्री नीट झोपा, कारण जागरण झालं की तुम्ही वर्णन करताय तसला त्रास वाढू शकतो.

हे सदर लिहायला लागण्याआधी बरीच वर्षं मी ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेचे तरंग टिपून आलेख काढायच्या खोलीत काढली, तंत्रज्ञ म्हणून. मी डॉक्टर नाही, तेव्हा तुम्हाला काय झालंय ते मी सांगणार नाही. पण त्या खोलीत काय होतं, काय होत नाही, आणि लोक कुठल्या भलत्याच गोष्टीची काळजी करत येतात, ते मला पाठ आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मैत्रिणीने पाहिलेलं ते पेनाचं टोपण. तो मिनिट तुम्ही स्वतः जगलेला नाहीत, तिने जगलाय. पोटातून काही वर चढणं, आधी घडल्यासारखं वाटणं, ओठांची हालचाल, हाताचा चाळा, हाकेला ओ न देणं, हे सगळं एकत्र आलं की न्यूरोलॉजिस्टच्या मनात कानशिलामागच्या टेम्पोरल लोबमधून येणाऱ्या झटक्यांचा विचार येतोच. विचार येतो म्हणजे निदान झालं असं नाही. पण जमिनीवर पडून हातपाय झाडले तरच ती फिट, हा समज चुकीचा आहे. काही झटके एवढे गुपचूप येऊन जातात की शेजारच्याला वाटतं, बाईंचं लक्ष नाहीये.

तर पहिलं काम: मैत्रिणीला हे सगळं तिच्या शब्दांत लिहून द्यायला सांगा. किती वाजता झालं, किती वेळ टिकलं, डोळे उघडे होते की मिटलेले, मान एखाद्या बाजूला वळली का, चेहरा पांढराफटक पडला का, कुठला हात हलत होता आणि दुसरा आखडून राहिला होता का, भानावर आल्यावर नीट बोलायला किती वेळ लागला. पुन्हा झालं तर मोबाइलवर चित्रीकरण करायची परवानगी तिला आत्ताच देऊन ठेवा, नाहीतर ऐन वेळी ती संकोचेल. जमलं तर डॉक्टरांकडे तिलाच घेऊन जा. एवढा आग्रह का धरतेय, ते रिपोर्टपाशी आलो की सांगते.

आता जाऊबाईंचा करंट. ईईजीचं यंत्र मेंदूला काहीही देत नाही, फक्त ऐकतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात आणि लाखो पेशी एका लयीत बोलल्या की त्याचा अतिशय क्षीण पडसाद डोक्याच्या त्वचेवर पोचतो. किती क्षीण? साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षाव्या भागात मोजायचा हिशेब. पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो. त्याचे तीस हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. छातीला वायरी लावून ईसीजी काढतात, त्यातली हृदयाची खूण यापेक्षा कितीतरी मोठी, मिलिव्होल्टच्या घरातली असते. ईसीजी काढताना करंट बसल्याचं कुणी म्हणत नाही. वायरी डोक्यावर गेल्या की मात्र लोक बिचकतात, कारण मनात शॉकचा उपचार असतो. तो वेगळा. त्याला ईसीटी म्हणतात, तो मनोविकारांवरचा उपचार आहे, भूल देऊन करतात आणि त्याचा तुमच्या तपासणीशी संबंध नाही. ईईजी दुखत नाही, त्यात क्ष-किरण नाहीत, सुई टोचत नाहीत.

मनातलं उमटतं का? तुमचा प्रश्न वेडगळ नाही. ज्याने माणसाचा पहिला ईईजी घेतला, तोच या प्रश्नाच्या मागे लागला होता. हान्स बर्गर हा जर्मन मनोविकारतज्ज्ञ तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला आणि थोडक्यात वाचला. त्याच सुमारास दूर घरी त्याच्या बहिणीला वाटलं, भावाला काहीतरी झालंय. तिने वडिलांना तार करायला लावली. हे त्याच्या डोक्यात असं बसलं की एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी ती शक्ती शोधायला तो मेंदूच्या अभ्यासात शिरला. १९२४ मध्ये येना इथे त्याला माणसाच्या डोक्यावरून विजेचे तरंग टिपता आले. त्याने पाच वर्षं पुन्हापुन्हा तपासून १९२९ मध्ये ते छापलं, आणि तरीही बरीच वर्षं लोकांनी विश्वास ठेवला नाही. तरंग सापडले. मनातलं काही सापडलं नाही. आजही तुमच्या आलेखावरून तुम्ही जागं आहात की पेंगताय, डोळे मिटलेत की उघडे, एवढं मला सांगता येईल. जाऊबाईंविषयी तुमचं मत काय, ते नाही. बुद्धी किती आहे हेही त्यात कळत नाही, आणि तुम्ही वेड्या आहात का हे तर मुळीच नाही.

तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा: हार्मोनियमचा फोटो काढून सूर लागतो का ते कळत नाही. एमआरआय तो फोटो आहे. गाठ, जुना व्रण, रक्तस्रावाची खूण, मेंदूच्या घडणीतला दोष त्यात दिसतो. पेशी वाजतात कशा, ते दिसत नाही. अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेल्या पुष्कळ लोकांचा एमआरआय स्वच्छ असतो. तुमचा नॉर्मल आला ही चांगली बातमी आहे, पण ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आता तयारी. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात ते डोक्याच्या तेलात आणि पोटाच्या उपासात.

आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी साध्या शाम्पूने केस धुवा. कंडिशनर, तेल, जेल, स्प्रे काही लावू नका, आणि केस पूर्ण कोरडे करून या. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची वाटी, धरत नाही, आणि धरला तरी मेंदूऐवजी भलतंच काहीतरी कागदावर येतं. मी कित्येकांना अर्धा तास निव्वळ तेल पुसण्यात घालवायला लावलाय, तेही रात्रभर जागून आलेल्या माणसाला. पिना, क्लिप, कानातलं घरीच ठेवा. घट्ट वेण्या घातल्या असतील तर सोडून या; टोप किंवा जोडकेस असतील तर वेळ ठरवतानाच फोनवर सांगा. पुढून उघडणारे कपडे घाला, नंतर डोक्यावरून काही ओढून काढावं लागत नाही.

उपाशी जाऊ नका. हे खास तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ठळक अक्षरात लिहिलं आहे असं समजा. रक्तातली साखर खाली गेली की मेंदूचे तरंगही मंदावतात आणि मग तो मंदपणा भुकेचा की आजाराचा, हे सांगणाऱ्याला कोडं पडतं. नेहमीसारखं जेवून या. फक्त चहा, कॉफी, कोला, असं कॅफीन असलेलं काही त्या दिवशी नको. बऱ्याच ठिकाणी ८ ते १२ तास आधीपासून बंद ठेवायला सांगतात. मद्यही नको.

गोळ्या. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. झोपेच्या गोळीबद्दल मात्र तपासणीच्या आधीच डॉक्टरांना विचारा आणि तिचं नाव कागदावर लिहून आणा. या गोळ्यांतला एक मोठा गट आलेखावर भरभर जाणारे बारीक तरंग आणतो, आणि झटक्याच्या ज्या खुणा शोधायच्या त्या झाकूनही टाकतो. म्हणून "कधीमधी घेते" हे तंत्रज्ञाला कळायलाच हवं. उलट, रोज घेत असलात तर मनाने एकदम बंद करू नका. अशी गोळी अचानक सोडल्यानेसुद्धा झटका येऊ शकतो. फिटच्या गोळ्या चालू असलेल्या वाचकांनाही हेच सांगते. ईईजी चांगला दिसावा म्हणून किंवा "खरा" दिसावा म्हणून कुणी गोळी चुकवू नये, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय.

कमी झोप. पेंगताना आणि हलक्या झोपेत दबलेल्या खुणा वर येतात, म्हणून हा खटाटोप. कुणाला चार तास झोपायला सांगतात, कुणाला अजिबात नाही. तुम्हाला जे सांगितलंय तेच करा, त्यात शूरपणा नको. कॉफीशिवाय जागं राहणं अवघड जातं. पहाटे तीन ते पाच हा वेळ सगळ्यात वाईट, त्या वेळी कुणीतरी सोबत जागं हवं. येताना गाडीत डुलकी काढली तर रात्रभराचं जागरण पाण्यात. पाच-दहा मिनिटांची झोपसुद्धा पुरते आणि मग माझ्याकडे आल्यावर माणूस टक्क जागा राहतो. गाडी अर्थातच दुसऱ्याने चालवायची. जातानाही, येतानाही.

आता खोलीत चला. वेळ हातात ठेवा: नोंदणी साधारण २० ते ४० मिनिटांची असते, झोपेची असेल तर जास्त, पण डोकं मोजणं आणि इलेक्ट्रोड लावणं धरून तास-दीड तास जातो.

आधी शिंप्यासारखी टेप निघते. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये जो खळगा असतो तिथून डोक्यावरून मागे कवटीचा उंचवटा लागतो तिथपर्यंत, मग एका कानासमोरून दुसऱ्या कानासमोर. या अंतराचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग पाडून मेणाच्या पेन्सिलीने खुणा करतात. म्हणून या पद्धतीचं नावच टेन-ट्वेंटी आहे. डोकं लहान असो की मोठं, खूण त्याच जागी पडते, आणि चार वर्षांनी दुसऱ्या गावी केलेला आलेख आजच्याशी ताडून बघता येतो. प्रत्येक खुणेवर केस बाजूला सारून खरखरीत मलमाने टाळू जराशी घासतात. हे चुरचुरतं. अख्ख्या तपासणीत दुखण्याच्या जवळपास जाणारं एवढंच. मग पेस्ट भरलेली, शर्टाच्या बटणाएवढी धातूची वाटी तिथे चिकटते. अशा साधारण २१ वाट्या. काही ठिकाणी तयार टोपी घालतात, ती जरा घट्ट असते.

मग आडवं व्हायचं आणि स्वस्थ पडायचं. स्वस्थ म्हणजे किती ते एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांच्या आलेखात दोन्ही कानशिलांच्या जागी काळंकुट्ट जंगल उगवलं होतं, मेंदूचं काही दिसेचना. "काही टेन्शन आहे का?" "छे, अजिबात नाही." जवळ जाऊन पाहिलं तर दात करकचून आवळलेले. "ओठ मिटलेले राहू द्या, पण वरचे-खालचे दात एकमेकांना टेकवू नका," म्हटलं, आणि दोन सेकंदांत जंगल साफ. ही युक्ती तुम्हीही लक्षात ठेवा. डोळ्यांचंही तसंच. डोळा हा एक छोटा सेल आहे, पुढची बाजू धन, मागची ऋण. पापणी मिटली की कपाळावरच्या रेघांत मोठी खाच पडते. म्हणून मध्येच "डोळे उघडा, मिटा" सांगतात, कुठली खाच पापणीची आहे ते कळावं म्हणून. घाम, गिळणं, मान हलवणं, खिशातला मोबाइल, सगळं आलेखात डोकावतं.

डोळे मिटून शांत पडलात की डोक्याच्या मागच्या भागात एक सुरेख लय सुरू होते, सेकंदाला ८ ते १३ वेळा. तिला अल्फा म्हणतात. डोळे उघडले की ती विरते, मिटले की परत येते. बर्गरने पाहिलेली हीच. माझ्या नोकरीतला हा आवडता क्षण होता: समोरचा माणूस घाबरलेला, हात गार पडलेले, आणि "मिटा डोळे" म्हटल्याबरोबर पडद्यावर ती लय यायची. त्याला पत्ताही नसायचा.

पुढे दोन परीक्षा असतात. एक, तीन मिनिटं सलग खोल आणि जोरात श्वास. दुसऱ्या मिनिटाला बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरल्यासारखं होतं, तोंड कोरडं पडतं. घाबरू नका. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याचा तो परिणाम. थांबलात की दोन-तीन मिनिटांत जातो. पण ही परीक्षा सगळ्यांना देत नाहीत. नुकता हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला, फुप्फुसाचा मोठा आजार, सिकल सेल, गरोदरपण, आणि आटोक्यात नसलेलं बीपी, अशांना ती टाळतात. तुमचं बीपी गोळीने आटोक्यात आहे का ते सुरुवातीलाच सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

दुसरी परीक्षा प्रकाशाची. चेहऱ्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर दिवा लुकलुकतो, आधी सेकंदाला एकदोनदा, वाढत वाढत २५-३० वेळा. मिटल्या डोळ्यांपुढे रंगीत जाळ्या नाचतात, बहुतेकांना कंटाळा येतो. प्रकाशाने झटका येणारे लोक थोडे असतात, अपस्मार असलेल्या शंभरात तीनेक, तेही बहुधा तरुण वयातले. या दोन्ही परीक्षांत क्वचित एखाद्याला झटका येतो हे मी लपवणार नाही. खोलीत त्याची तयारी असते, त्रास वाटला तर हात वर करा, दिवा तत्क्षणी बंद होतो. आणि झटका नोंदणी चालू असतानाच आला तर, क्रूर वाटेल, पण निदानाच्या दृष्टीने त्याच्याइतकं मोलाचं काही नाही.

शेवटी दिवे मंद करून झोपायला सांगतात. आणि उठल्यावर जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "दिसलं का काही?" तंत्रज्ञ गप्प बसेल, किंवा "डॉक्टर सांगतील" म्हणेल. त्या गप्पपणात वाईट बातमी शोधू नका. आम्ही सगळ्यांनाच असं सांगतो. तो आलेख प्रशिक्षित डॉक्टर सावकाश वाचतात आणि अहवाल द्यायला काही दिवस लागू शकतात.

आता ज्यासाठी मघापासून मैत्रिणीचं नाव घेतेय ते. नॉर्मल ईईजीचा अर्थ "काही नाही" असा होत नाही. ज्यांना खात्रीने अपस्मार आहे अशांचा पहिला साधा ईईजी काढला, तर साधारण निम्म्यांच्याच आलेखात खूण सापडते. साहजिक आहे. वर्षातली तीस मिनिटं तुम्ही त्या खोलीत होतात, झटका बाकीच्या वेळात येतो. पुन्हा काढला, झोपेत काढला, तर प्रमाण वाढतं. झटक्यानंतर पहिल्या २४ तासांत काढला तर खूण सापडायची शक्यता जास्त असते, म्हणून मध्येच पुन्हा तसं झालं तर केंद्राला फोन करून विचारायला हरकत नाही. एवढं करून भागलं नाही तर एक-दोन दिवस यंत्र कमरेला बांधून घरी पाठवतात, किंवा रुग्णालयात ठेवून कॅमेऱ्यासह दिवसरात्र नोंदणी करतात. एक ईईजी नॉर्मल आला म्हणून फाइल मिटवून टाकू नका आणि कुणाला मिटवू देऊ नका.

उलटही खरं. आलेखात "अॅब्नॉर्मल" शब्द आला म्हणजे अपस्मार आहे असं नाही. मंद तरंग औषधाने येतात, पेंगण्याने येतात, अर्धशिशीनेही येतात. धारदार दिसणारे पण निरुपद्रवी असे काही आकार निरोगी माणसात सर्रास असतात. कानशिलाच्या भागात तर फारच. ते कुणी घाईत वाचले की साध्या भोवळीला अपस्माराचं नाव लागतं आणि माणूस वर्षानुवर्षं नको ती औषधं घेत बसतो. हे घडतं, आणि नको तितकं घडतं. निरोगी तरुण वैमानिकांचे हजारो आलेख पाहिले गेले, तेव्हा झटक्याच्या खऱ्या खुणासुद्धा दोनशेत एखाद्यात सापडल्या, कधीच झटका न आलेल्या माणसात. म्हणून चांगला डॉक्टर आधी हकीकत ऐकतो आणि मग कागद बघतो. हकीकत नसेल तर कागद काय म्हणतोय ते त्यालाही धड कळत नाही. रिपोर्ट हातात पडल्यावर दोन प्रश्न विचारा: "यात झटक्याशी जोडता येईल अशी खूण आहे का, आणि ती माझ्या मैत्रिणीने पाहिलेल्याशी जुळते का?" इंटरनेटवर त्यातले शब्द शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

शिक्क्याची भीती मला समजते. "बाई, कुणाला कळू देऊ नका" हे कुजबुजलेलं वाक्य मी त्या खोलीत पुष्कळदा ऐकलंय, बहुतेक वेळा बरोबर आलेल्या माणसाकडून. पण नाव ठेवणारे ठेवतील म्हणून झटके थांबत नाहीत. औषधाने थांबतात, अपस्मार असलेल्या सुमारे ७० टक्के लोकांचे झटके योग्य औषधाने आटोक्यात येतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑफिसात कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. एका माणसाला मात्र सगळं माहीत असू द्या, आणि ते माणूस तुमच्याकडे आहे, शेजारच्याच टेबलावर.

आणि जे तुम्ही विचारलं नाहीत ते: आजपासून गाडी चालवू नका. रिपोर्टपासून नव्हे, आजपासून, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. मिनिटभर भान जातंय, एवढं कारण पुरे आहे, मग त्याचं नाव काही निघो. एकटीने पोहायला जाऊ नका, उंच स्टुलावर चढू नका, न्हाणीघराची कडी आतून लावू नका, टबात बसून अंघोळ नको. घरच्यांना सांगून ठेवा: तुम्ही पडलात आणि हातपाय झडू लागले तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर किंवा शुद्ध न येता लगेच दुसरा झटका आला तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची.

तुमच्या ता.क.ला माझा ता.क. रंगवलेले केस चालतात. पण या आठवड्यात रंगवायचा बेत असेल तर तपासणी होऊ द्या, मग रंगवा. ताज्या रंगाने हुळहुळणाऱ्या टाळूवर ते खरखरीत मलम सोसत नाही. आणि परत येताना डोकं बघण्यासारखं असेल. पेस्ट सुकली की खडूसारखी होते आणि केसांत दाणे राहतात. कंगव्याने ओढू नका. आधी कोमट पाणी, मग भरपूर कंडिशनर लावून पाच मिनिटं तसंच ठेवा, मग शाम्पू. तोवर डोक्याला बांधायला एक रुमाल पिशवीत टाकून न्या.